बोंडू बसेल तिथे गड

ताई, नमस्कार.

मी खेड तालुक्यातला. एसटीत चालक होतो, बरीच वर्षं खेड–मुंबई रातराणी चालवली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, वय ६६. माझ्याकडे बोंडू नावाचा गावठी कुत्रा आहे, वय १३. डेपोच्या मागे पावसात भिजत पडला होता, तो उचलून आणला. रंग पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा, म्हणून बोंडू. निवृत्तीपासून दर वर्षी देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रसाळगड चढतो. गाडी आता वरच्या वाडीपर्यंत जाते, पण आम्ही निमणीहून पायीच जातो. झोलाईला नारळ, तोफेशेजारी बसून डबा, मग खाली.

गेल्या फाल्गुनात माझी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट घातलाय. बोंडूचे मागचे पाय आखडतात, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. तरी या वर्षी त्याला शेवटचं वर न्यावं असं मनात आहे. बायको म्हणते, "दोघांतला एकच चालत खाली येईल, आणि कुठला ते मला विचारू नका." मुलगा डोंबिवलीहून फोनवर ओरडतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. रात्री झोप येत नाही, हिशोब करत पडतो. बोंडूमागे पिल्लू आणलं तर ते बारा-तेरा वर्षं जगणार, तोवर मी ७९. त्याला बघणार कोण? म्हणजे बोंडू हा माझा शेवटचा कुत्रा. आईवडील गेले तेव्हा आलं नाही एवढं रडू या हिशोबाने येतं. हा वेडेपणा आहे का? आणि गडावर जावं की नाही?

– बोंडूचा म्हातारा

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र चकल्या तळताना वाचायला घेतलं आणि एक घाणा करपला. घरच्यांनी तो मुकाट्याने खाल्ला, पण तुमच्या नावावर मांडून ठेवलाय.

दोन प्रश्नांतला गडाचा सोपा, म्हणून तो आधी. जा. फक्त निमणीहून पायी नको आणि एकट्याने नको. गाडी वरच्या वाडीपर्यंत जाते हे तुम्हीच लिहिलंय, पण असं की जणू गाडीने जाणं म्हणजे कॉपी करून पास होणं. अहो, कशेडी घाटातून रात्री-अपरात्री हजारो झोपलेली माणसं तुम्ही मुंबईला पोचवलीत. त्यांतल्या एकाला तरी तुम्ही म्हणालात का, की चालत गेला असतास तर खरा?

दुसऱ्या प्रश्नाची वाट जरा लांबची आहे. ती आमच्या चिंगी नावाच्या कुत्रीवरून जाते.

मी आंजर्ल्याची. आमच्या आळीतून कड्यावरच्या गणपतीला पाखाडीने जाता येतं. वर गाडीरस्ताही आहे, पण आम्हा जुन्यांना पाखाडीच बरी वाटते. जांभ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळाने हिरव्या असतात आणि उन्हाळ्यात तव्यासारख्या तापतात. वर पोचलं की हर्णैचा सुवर्णदुर्ग समुद्रात पालथ्या घातलेल्या ताटलीसारखा दिसतो. चिंगी रोज माझ्याबरोबर यायची, आवाराबाहेर बसायची, माझ्या हातचं खोबरं खायची आणि माझ्यापुढे खाली पळायची. हे असं अकरा वर्षं चाललं.

बाराव्या वर्षी वैशाखात मुंबईची पाहुणेमंडळी आली. चहा-पोहे होईस्तोवर दहा वाजले. निम्म्या पाखाडीवर फणसाचं झाड आहे, तिथे चिंगी बसली. मी साखळी ओढली. "चल गं, रोज येतेस की!" ती उठली, चार पायऱ्या चढली, पुन्हा बसली. मी पुन्हा ओढली. पाहुण्यांसमोर आपला कुत्रा म्हातारा झालाय हे मला दाखवायचं नव्हतं, इतकं ते साधं होतं. वरच्या वळणावर तिचे मागचे पाय फाकले. जीभ जांभळट लाल झाली, तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पायांच्या गाद्यांना काय सुटेल तेवढाच. बाकीची उष्णता धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. धापाच पुऱ्या पडेनाशा झाल्या की आतून शिजणंच ते. जावेच्या ओढणीची झोळी करून दोघींनी तिला खाली आणलं, विहिरीशी सावलीत निजवून पोटावर, जांघांत पाणी ओतत राहिलो आणि सुपाने वारा घातला. वाचली. संध्याकाळी गुरांचे डॉक्टर आले. तपासून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ही वाटेत बसली होती का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग तिने सांगितलं होतं तुम्हाला."

त्यानंतर चिंगीने फणसाखालची ती पायरी कायमची धरली. तिथवर यायची, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडायची. मी वर जाऊन यायचे. परतताना मी दिसले की उठायची, अंग झाडायची आणि माझ्यापुढे अशा रुबाबात उतरायची की बघणाऱ्याला वाटावं, हिनेच मला देवळात नेऊन आणलं. तिला कसलीच रुखरुख नव्हती. पहिले पंधरा दिवस डोळे पुसत चढायचे ती मी.

हे एवढं लांबण लावून सांगितलं ते तुमच्या पत्रातल्या 'शेवटचं' या शब्दासाठी. बोंडूच्या डोक्यात रसाळगड नावाचा गड नाही. तिथल्या तोफा, झोलाई, समोर दिसणारे सुमारगड आणि महीपतगड, खाली जगबुडीचं खोरं, यातलं काही त्याने मोजलेलं नाही. त्याला ठाऊक आहे ते म्हणजे तुमच्या चपलांऐवजी आज बूट निघालेत, पिशवीत डबा आहे आणि वाटेला असे वास येतात जे परसात येत नाहीत. वाडीपासून शंभर पावलांवर तो बसला आणि तुम्ही शेजारी बसून डबा उघडलात, तर त्याच्या लेखी गड झाला. अपुरं राहील ते तुमचं. तुमचं अपुरं राहिलेलं पुरं करायला त्याच्या मागच्या पायांवर भार टाकू नका.

आता तुमचा रात्रीचा हिशोब घेऊ. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे आपण सगळे ऐकत आलो. ते तितकंसं खरं नाही. २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या पेशींतले वयाचे बदल माणसाच्या पेशींशी ताडून पाहिले. पहिल्या एक-दोन वर्षांत कुत्रा झपाट्याने मोठा होतो, मग वेग कमी कमी होत जातो, असं त्यांना दिसलं. त्यांच्या सूत्राने १३ वर्षांचा कुत्रा साधारण ७२ वर्षांच्या माणसाएवढा. आपल्या गावठीला ते सूत्र जसंच्या तसं लागू होईलच असं नाही, पण घटकाभर धरून चला. तुम्ही उचलून आणलंत तेव्हा तो तुमच्या नातवाच्या वयाचा होता, मग मुलाच्या वयाचा झाला, मधे कधीतरी तुमच्या बरोबरीला आला आणि तुम्हाला न सांगता पुढे निघून गेला. आज तो तुमचा थोरला भाऊ आहे. थोरल्या भावाला आपण साखळी ओढून गडावर नेत नाही. त्याला विचारतो, दादा, जमेल का? आणि तो "बसतो जरा" म्हणाला की आपणही बसतो.

वेडेपणाबद्दल विचारलंत. आईवडील गेले तेव्हा रडू आलं नाही यात नवल नाही. तेव्हा घरात माणसं होती, लाकडं आणायची होती, भटजींना निरोप द्यायचा होता, दहाव्याला कावळा शिवतो की नाही ही काळजी होती, तेराव्याच्या स्वयंपाकाला नारळ किती हा हिशोब होता. तुम्हाला कामावर हजरही व्हायचं होतं. या वेळी मधे काहीच नाही. आणि फाल्गुनात तुमच्याबाबतीत एक गोष्ट घडली, जी पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलीत. अँजिओप्लास्टीत माणूस जागा असतो. मनगटातून नाहीतर मांडीतून तार आत जाते आणि स्वतःचं काळीज पडद्यावर हलताना दिसतं. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, हातात गोळ्यांची यादी आणि 'तेल-तूप कमी करा'. काय बघितलंस, घाबरलास का, हे कोणी विचारत नाही. तुमच्या पिढीच्या पुरुषांना स्वतःच्या मरणासाठी रडायची सोयच नाही. कुत्र्यासाठी रडता येतं, कोणी फार काही म्हणत नाही. मला वाटतं, तुम्ही बोंडूच्या आडून आपलं रडताय. रडा की. फक्त कोणासाठी ते स्वतःला तरी ठाऊक असू द्या.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. पत्रभर तुम्ही धरून चाललात की बोंडू आधी जाणार. 'बोंडूमागे पिल्लू', 'माझा शेवटचा कुत्रा'. वहिनींनी मात्र तसं धरलेलं नाही. "कुठला ते मला विचारू नका" हे त्या बोंडूबद्दल बोलल्या असं तुम्हाला खरंच वाटतं? ते वाक्य पुन्हा वाचा. बाई घाबरली आहे, आणि आपल्याकडच्या बायका घाबरल्या की टोमणा मारतात.

कुत्रा आणि डोंगर म्हटलं की धर्मराजाची गोष्ट कोणीतरी सांगतंच. तुमच्या मुलानेही ऐकवली असेल. ती नीट आठवून बघा. त्या वाटेवर द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असे एकेक गळत गेले, आणि कुत्रा शेवटपर्यंत चालत राहिला. आपण ती कथा धर्मराजाने कुत्र्याला सोडलं नाही म्हणून सांगतो. तिथे माणसं आधी गेली हे सहसा कोणी बोलत नाही. तेव्हा एका कागदावर लिहून ठेवा: मला काही झालं तर बोंडूला कोण बघेल, तो काय खातो, त्याची लस कधी असते, कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा. शेजारचा एखादा पोरगा त्याला ओळखत असेलच, त्याला विचारून त्याचं नाव लिहा. बँकेचे, पेन्शनचे कागद कुठे आहेत तेही त्याच कागदावर खाली येऊ द्या. मुलाला पुढल्या फोनवर गडाऐवजी हे वाचून दाखवा. तो ओरडणार नाही. बहुतेक गप्प होईल, आणि ते बरंच.

एक जुनं आठवलं. आमच्या लहानपणी आगरात संध्याकाळी सरपण काढायला गेलेलं पोर लाल विंचू चावून सकाळपर्यंत जायचं. अंग घामाने थबथबायचं, छाती भरून यायची. मांत्रिक यायचा, कडुलिंबाचे डहाळे फिरवायचा, आणि मग रडारड. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून त्यांचं काळीज कसं निकामी होतं ते टिपलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटणाऱ्यांत विंचू चावून वाचलेला एक पन्नाशीचा गृहस्थ होता. पूर्वी मरण असं अचानक दारात यायचं, त्यामुळे ७९ पर्यंतचं गणित मांडायची वेळच आमच्या आजोबांवर आली नाही. तुमच्यावर आली, कारण तुम्ही विंचवातून, घाटातून आणि आता काळजाच्या दुखण्यातूनही वाचलात. रात्री हिशोब छातीवर बसला की हेही बाजूला मांडून बघा. झोप येईलच असं म्हणत नाही.

आता चढणीचं.

आधी तुमचं. ज्यांनी स्टेंट घातला त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. दोन जिने न थांबता चढल्यावर छातीत काही होतं का, बोलताना दम लागतो का, हे घरी बघून मग त्यांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी 'प्रवास आहे' म्हणून चुकवायची नाही. जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती शर्टाच्या खिशात हवी, पिशवीच्या तळाशी डब्याखाली नको. बरोबर एक धडधाकट माणूस हवा. वाडीतलाच कोणी घ्या, वाट दाखवेल आणि फोनची रेंज कुठल्या दगडावर येते तेही त्याला ठाऊक असेल. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक त्याच्याही फोनमध्ये असू द्या.

बोंडूला आत्ताच, म्हणजे देवदिवाळीआधी, पशुवैद्यकाकडे न्या. पाय आखडतात ते बहुधा सांध्यांमुळे, त्यावर कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं मिळतात. तुमच्या डब्यातली दुखण्यावरची गोळी अर्धी करून देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी माणसाची साधी गोळीही कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घात करते. रेबीजची लस झाली असेलच, लेप्टोची झाली का तेही विचारा. आपल्याकडे भातशेतीत, डबक्यांत उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. म्हणून गडावरच्या टाक्यातलं पाणी त्याला पाजायचं नाही. घरचं पाणी न्या, आणि एक जुना स्टीलचा वाडगा.

सकाळी उजाडता निघा, दहाच्या आत परत वाडीत. मार्गशीर्ष असला तरी जांभा आणि कातळ तापायला वेळ लागत नाही. हाताची मागची बाजू दगडावर टेकवून बघा. पाच-सात आकडे मोजेपर्यंत ठेवता आली नाही तर बोंडूच्या गाद्यांनाही ते सोसणार नाही. त्याला दोरीवर ठेवा. मोकळा सोडला तर एका डोळ्याने अधू कुत्रा नाक पुढे करून दगडाखाली घालणार, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या दगडाखाली फुरसं असायचंच. तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळ करू नका, बिबट्याला म्हातारा कुत्रा लांबून कळतो. घरी आल्यावर कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायचे. आणि सुमारगडाचं नाव या वर्षी काढायचं नाही. मला तुमचा स्वभाव पत्रातून कळलाय.

बोंडू बसला की बसायचं. तो पाच मिनिटांत उठला तर पुढे, नाही उठला तर तोच गड. पिशवीत एक जाड सुती चादर ठेवा. चार टोकं धरून दोघांना त्याला झोळीत आणता येतं, ओढणीने हाताला कसे वळ पडतात ते मी भोगलंय.

न विचारलेलंही सांगते, कारण ते आधी माहीत असलेलं बरं. चिंगी गेली ती आषाढात. शेवटचे चार दिवस ती खात नव्हती, पाणीही तोंडात धरत नव्हती, कूस बदलताना विव्हळायची. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवता येईल. मी दोन दिवस 'उद्या बघू' म्हणत राहिले. ते दोन दिवस माझ्यासाठी होते, तिच्या वाट्याला त्यात नुसतं दुखणं आलं. तुमच्यावर ती वेळ आली तर त्याच्या दिवसांकडे बघून ठरवा. खातो का, तुम्ही आलात की शेपटी हलते का, स्वतःहून उठून बाहेर जाऊन येतो का. या गोष्टी थांबल्या आणि डॉक्टरांनाही सुधारायची आशा दिसेना, की उद्यावर ढकलू नका. आणि तेव्हा त्याच्या डोक्याशी तुम्ही बसा, मुलाला किंवा गड्याला पाठवू नका.

मग खड्ड्याचा प्रश्न आला. मुसळधार पाऊस, परसात वीतभर मातीखाली जांभा. गडी म्हणाला, "बाय, ह्या पावसात खड्डा राह्याचा नाय." तरी त्याने पहारीने फोडायला घेतलं. हातभर खोल गेला की पाणी भरायचं. मी स्वयंपाकघरातलं आमटीचं तपेलं घेऊन उपसत बसले, तो फोडत बसला, असं दुपारपर्यंत. शेवटी रातांब्याच्या बुंध्यापासून थोडं वर, उताराला जागा लागली. कमरेएवढा खड्डा तरी हवा, नाहीतर कोल्हे उकरतात. आणि विहिरीपासून लांब, तिच्या वरच्या अंगाला तर नकोच. तुमच्याकडे कुठे माती खोल आहे ते आता पावसाळा संपल्यावर एकदा पहार मारून बघून ठेवा. त्यात अशुभ काही नाही. आपण लाकडं नाही का साठवून ठेवत?

ते तपेलं मी घासून पुन्हा वापरात आणलं. जाऊ आजही त्यातली आमटी वाढून घेताना माझ्याकडे बघते.

उरला तो शेवटच्या कुत्र्याचा हिशोब. गणित तुमचं बरोबर आहे, फक्त पिल्लूच आणायचं असं तुम्हीच ठरवून टाकलंत. वाडीत, डेपोत, बाजारात सात-आठ वर्षांची कुत्री कमी आहेत का? पिल्लं सगळ्यांना हवी असतात. तोंडावर पांढरं आलेल्या कुत्र्याला कोणी घरात घेत नाही. तुम्ही सत्तरीत असताना तसा एखादा दारात येऊन बसला तर तुमच्या हिशोबात तो बसतो, अगदी शिल्लक राहून. पण आज त्याचं नाव काढायचं नाही. बोंडू अजून सकाळी उठतोय. वेळ लागतो, पण उठतोय.

शेवटी वहिनींचं. इतकी वर्षं तुम्ही दोघं गडावर जाता आणि त्या पहाटे उठून डबा करून देतात. त्यांना कधी विचारलंत का, येतेस का म्हणून? या वर्षी गाडी आहे, वरच्या वाडीपर्यंत त्याही येऊ शकतात. त्या आल्या तर एक काम होईल: बोंडू बसला की तुमचा पाय पुढे पडणार नाही, कारण त्याही बसतील आणि दोघांना एकदम ओढायची तुमची छाती नाही.

डब्यात दहीभात, उकडलेलं अंडं आणि भाकरी असू द्या. दहीभाताला कांदा लावू नका म्हणावं, मनुकाही नकोत. दोन्ही कुत्र्याला विषासारखी, आणि तुमचा बोंडू तुमच्याच पानातलं खातो हे लिहिलं नसलंत तरी मला ठाऊक आहे.

– तुमची ताई